अंथरूण पाहून पाने पसरा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे कालपर्यंत धडधाकट असलेले कितीतरी छोटे लॅपटॉप एका रात्रीत 'जुने' ठरले. तेव्हापासून मला सारखा एकच प्रश्न विचारला जातो: "याच्यावर चालेल असं एखादं हलकं सॉफ्टवेअर सांगा ना."

प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या पोटात एक गैरसमज आहे. आपण समजतो की सॉफ्टवेअर मुळातच हलकं किंवा जड असतं. हलक्यांची यादी मिळाली, ती सगळी भरली की काम झालं. दुसरा गैरसमज याच्याच जोडीचा: लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून मंदावला. प्रोसेसर वयानं मंदावत नाही. पंख्यात धूळ अडकून तो तापत असेल तर स्वतःहून वेग कमी करतो हे खरं, पण पंखा साफ केला की पहिल्या दिवशी सेकंदाला जेवढ्या बेरजा करत होता तेवढ्याच तो आजही करतो. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा रॅममध्ये. आणि तिथे नेमकं काय घडतं ते इतकं देखणं आहे की सॉफ्टवेअरच्या नावांकडे वळण्याआधी मी तुम्हाला तिकडेच नेणार आहे.

आधी वेळेचा अंदाज घेऊ. रॅममधली एक नोंद वाचायला प्रोसेसरला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवरून, तीच गोष्ट आणायला साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. हे आकडे माणसाच्या मापात आणू. रॅममधून वाचायला १ सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीला जवळजवळ १७ मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कला सुमारे २८ तास. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी ईएमएमसी नावाची फ्लॅश चिप असते, ती एसएसडीहूनही संथ.

आता गंमत अशी की रॅम भरली तरी संगणक "जागा नाही" असं सहसा म्हणत नाही. तो रॅमचे ४०९६ बाइटचे तुकडे करतो. त्यांना पानं म्हणतात. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं की आपल्याला एक सलग, प्रशस्त वही मिळाली आहे. प्रत्यक्षात त्या वहीतली काही पानं रॅममध्ये असतात, काही डिस्कवर. कुठलं पान कुठे आहे याचा तक्ता ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते. प्रोग्रॅमनं रॅममध्ये नसलेलं पान मागितलं की प्रोसेसर थबकतो आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारतो. कर्नल रॅममधलं एखादं पान बाहेर काढतो, हवं ते पान डिस्कवरून आणतो, तक्त्यात नोंद बदलतो आणि प्रोग्रॅमला म्हणतो, चल पुढे. मध्ये एवढं रामायण घडलं हे प्रोग्रॅमच्या गावीही नसतं.

ही कल्पना आजची नाही. १९६२ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पहिल्यांदा राबवली. त्याची मुख्य स्मृती होती १६ हजार शब्दांची (शब्द म्हणजे इथे स्मृतीचा एक ठरावीक तुकडा), आजच्या हिशेबात जेमतेम ९६ केबी. जोडीला ९६ हजार शब्दांचं फिरतं चुंबकीय पिंप. दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असा आभास ॲटलस निर्माण करत असे. कुठलं पान बाहेर काढायचं हे ठरवण्यासाठी त्यात एक छोटा प्रोग्रॅमही होता. कुठलं पान किती काळानं पुन्हा लागतं यावर तो लक्ष ठेवायचा आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. १९६२ साली!

सगळी मेख या निवडीतच आहे. बाहेर कुणाला काढायचं? आदर्श उत्तर: जे पान सगळ्यात उशिरा लागणार आहे त्याला. पण भविष्य कुणाला दिसतं? म्हणून उलटा अंदाज घेतात: जे सगळ्यात जास्त वेळ वापरलं गेलं नाही ते पुढेही लवकर लागणार नाही. प्रत्येक पानाच्या शेवटच्या वापराची वेळ लिहून ठेवणं फार महागात पडतं, म्हणून एक युक्ती करतात. तक्त्यातल्या प्रत्येक पानाच्या नोंदीत एक बिट, म्हणजे ० किंवा १ असा एक आकडा, असतो. पान वापरलं की प्रोसेसर तो १ करतो. कर्नल घड्याळाच्या काट्यासारखा पानांवरून फिरतो. १ दिसला तर त्याचा ० करून पुढे जातो, आणि ० दिसला, म्हणजे मागच्या फेरीनंतर त्या पानाला कुणी हात लावलेला नाही, तर त्याला बाहेर काढतो.

आता या पद्धतीतला कडा पाहा. समजा रॅममध्ये १०० पानांची जागा आहे आणि प्रोग्रॅम १ ते १०० ही पानं क्रमानं, पुन्हा पुन्हा वाचतो. पहिली फेरी सोडली तर डिस्कला हात लावावा लागत नाही. आता फक्त एक पान वाढवा: १ ते १०१. शंभर पानं भरली, १०१ वं मागितलं. सगळ्यात जुनं कोण? पान १. ते बाहेर. पुढे कुठलं लागणार? पान १! ते आणायला पान २ बाहेर. पुढे लागणार पान २. अशा रीतीनं प्रत्येक वेळी नेमकं तेच पान नुकतंच बाहेर गेलेलं असतं जे आता हवं आहे. मागणी एका टक्क्यानं वाढली आणि डिस्कच्या खेपा शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेल्या.

खऱ्या प्रोग्रॅमांचं वागणं इतकं सरळ वर्तुळाकार नसतं, पण इतकं वाईट व्हायची गरजही नसते. हजारातून फक्त एकदा हार्ड डिस्कवर जावं लागलं तरी सरासरी काय होते? ९९९ वेळा १०० नॅनोसेकंद आणि एकदा १ कोटी नॅनोसेकंद. सरासरी १० हजारांच्या वर जाते, म्हणजे सगळं काम शंभरपट संथ. ९९.९ टक्के वेळा सगळं सुरळीत असूनही! म्हणूनच छोटा लॅपटॉप हळूहळू मंदावत नाही. अकरा टॅबपर्यंत तो छान चालतो आणि बारावा उघडला की गोठतो. माउसचा बाण अडखळतो, डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, प्रोसेसर मात्र पानांची वाट बघत रिकामा बसलेला असतो.

या गोठण्याला इंग्रजीत थ्रॅशिंग म्हणतात. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी त्याचं कारण उलगडलं. त्यांचं म्हणणं असं: प्रोग्रॅम एकूण किती मोठा आहे याला महत्त्व नाही, नजीकच्या काळात तो जी पानं खरोखर वापरतो, त्यांचा संच महत्त्वाचा. त्याला त्यांनी 'वर्किंग सेट' म्हटलं. आपण चालता संच म्हणू. एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांचे चालते संच मिळून रॅममध्ये मावले की सगळं सुरळीत. मावले नाहीत की कड्यावरून खाली. मधली अवस्था फार अरुंद.

एकदा हे कळलं की काही प्रचलित उपायांचा फोलपणा आपोआप दिसतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा 'रिफ्रेश' मारणारे लोक मी अजूनही बघतो. त्यानं चिन्हं पुन्हा रंगवली जातात, बाकी काही नाही. तो निव्वळ मंत्रोच्चार आहे. 'एका क्लिकमध्ये रॅम साफ' करणारी ॲप्स त्याहून वाईट. ती चालू प्रोग्रॅमांची पानं जबरदस्तीनं बाहेर काढतात, आकडा छान दिसतो, आणि पुढच्याच क्षणी तीच पानं परत आणावी लागतात. खरं तर रिकामी रॅम ही वाया गेलेली रॅम. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर 'फ्री'चा, म्हणजे मोकळ्या रॅमचा, आकडा लहान दिसला की लोक घाबरतात, पण बरीचशी जागा नुकत्याच वाचलेल्या फायलींच्या प्रतींनी व्यापलेली असते आणि गरज पडताच ती मोकळी होते. बघायचा तर 'अव्हेलेबल'चा आकडा बघा.

तर, निवड. सगळ्यात मोठा चालता संच बहुधा ब्राउझरचा असतो. बाकी सगळं हलकं घेऊन ब्राउझरकडे दुर्लक्ष केलं तर ती मेहनत वाया जाते. त्याचं वजन निव्वळ आळशी प्रोग्रॅमिंगमुळे आहे असंही नाही. २०१८ साली क्रोमनं वेगवेगळ्या साइट्स वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग चालणाऱ्या प्रोग्रॅमांमध्ये, कोंडायला सुरुवात केली, कारण प्रोसेसरमधल्या स्पेक्टर नावाच्या दोषातून एक साइट दुसऱ्या साइटची माहिती चोरू शकत होती. या बंदोबस्तामुळे १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते असं गूगलनंच सांगितलं होतं. ही किंमत मला योग्य वाटते. म्हणून सुरक्षेला कात्री लावणारा जुनाट 'हलका' ब्राउझर मी कुणालाही सुचवत नाही. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन बसवा, जाहिरातींची पानं मुळातच आत येणार नाहीत. क्रोममध्ये मेमरी सेव्हर चालू ठेवा, न वापरलेले टॅब आपोआप निजतील.

दुसरा छुपा भार म्हणजे इलेक्ट्रॉन नावाच्या सॉफ्टवेअरच्या सांगाड्यावर बांधलेली ॲप्स. बऱ्याच चॅट आणि नोंदवहीच्या ॲप्सच्या आत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर दडलेला असतो. अशी तीन ॲप्स उघडली की तुम्ही आणखी तीन ब्राउझर उघडलेत. त्याच सेवा ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडल्या तर निदान बराचसा कोड सामायिक राहतो.

बाकीचं मग सोपं आहे. लिनक्सवर डेस्कटॉप एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. लिहायला एबीवर्ड, आकडेमोडीला न्यूमेरिक (Gnumeric). मात्र दुसऱ्याला फाईल पाठवायची असेल तर लिब्रेऑफिसच घ्या, मांडणी विस्कटून पुन्हा करण्यात जाणारा वेळ रॅमपेक्षा महाग आहे. पीडीएफसाठी विंडोजवर सुमात्रा, लिनक्सवर झथुरा. काही अतिहलके टर्मिनल (आज्ञा टाइप करायच्या खिडक्या) आपली जोडाक्षरं मोडून दाखवतात, तेवढं आधी तपासा. व्हिडिओसाठी एमपीव्ही उत्तम, पण त्यात हार्डवेअर डीकोडिंग आपोआप चालू नसतं, ते करून घ्या. इथे प्रश्न रॅमचा नसून प्रोसेसरचा आहे: जुन्या चिपमध्ये एच.२६४ या पद्धतीनं आवळलेला व्हिडिओ उलगडणारं खास सर्किट असतं, २०१८ च्या एव्ही१ या नव्या पद्धतीसाठी ते नसतं. साइटनं एव्ही१ पाठवलं की सगळं ओझं दुबळ्या प्रोसेसरवर येतं आणि चित्र अडखळतं.

आणि लिनक्स असेल तर झेडरॅम चालू कराच. तो पानं डिस्कवर न पाठवता आवळून रॅममध्येच ठेवतो. बहुतेक पानांत पुनरावृत्ती भरपूर असते, त्यामुळे ती साधारण निम्म्या ते एकतृतीयांश जागेत बसतात, आणि उलगडायला काही मायक्रोसेकंद पुरतात. २८ तासांच्या खेपेऐवजी मिनिटभराची! शिवाय फ्लॅश चिपवर लिहिण्याला मर्यादा असते. सतत पानं लिहून तिचं आयुष्य कमी होतं, तेही वाचतं.

आपला लॅपटॉप कड्याच्या अलीकडे आहे की पलीकडे हे अंदाजानं ठरवू नका, मोजा. विंडोजवर रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स', म्हणजे डिस्कवरून पानं आणाव्या लागलेल्या खेपा, बघा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये व्हीएमस्टॅट ही आज्ञा १ सेकंदाच्या अंतरानं (vmstat 1) चालवा आणि एसआय, एसओ (si, so) हे दोन रकाने बघा: आत येणारी पानं आणि बाहेर जाणारी पानं. अधूनमधून आकडा उमटला तर काही बिघडत नाही. दोन्ही रकाने सलग भरलेले दिसले तर एकेक प्रोग्रॅम बंद करत जा. माझ्या २ जीबीच्या छोट्या लॅपटॉपवर हा प्रयोग केला तेव्हा लेखनाचं सॉफ्टवेअर, फाईलींची खिडकी, गाणी असं सगळं बंद करूनही आकडे हलले नाहीत. मग लक्षात आलं, कोपऱ्यात चिन्ह होऊन बसलेलं एक चॅट ॲप चालूच होतं. ते बंद केलं आणि दहाएक सेकंदांत दोन्ही रकाने शून्यावर आले.