घोडदौडीच्या चित्रांच्या हस्तरंगित प्रतिकृती

शर्यतीचे घोडे, जॉकी आणि मैदाने यांची जुनी तैलचित्रे समोर ठेवून कॅनव्हासवर हाताने पुन्हा रंगवलेली चित्रे. मूळ चित्रे प्रामुख्याने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील, इंग्लंड-फ्रान्समधली. चित्रकाराने स्वतःच्याच चित्राची केलेली दुसरी आवृत्ती मात्र वेगळी मानतात. इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्ज (1724–1806) याने ‘गिमक्रॅक’ या करड्या घोड्याचे 1765 मधले चित्र दोनदा रंगवले. त्यातली एक आवृत्ती 2011 मध्ये लंडनच्या लिलावात सव्वादोन कोटी पौंडांच्या आसपास गेली.

बडोद्याचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी कमाटीबागेतल्या चित्रवीथीसाठी युरोपातून चित्रे आणवली. इमारत 1914 मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रे वेळेवर पोचली नाहीत आणि वीथी 1921 मध्ये खुली झाली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात तर राफाएल, तिशियन, मुरिलो यांच्या चित्रांच्या प्रतिकृती मूळ चित्रांच्या शेजारी नांदतात. प्रतिकृती भिंतीवर लावण्यात कमीपणा नाही, हे बडोद्याला फार आधीपासून ठाऊक आहे. दुसरा धागा घोड्यांचा. महाराजा प्रतापसिंह गायकवाडांनी 1945 मध्ये इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू 28,000 गिनींना घेतले. त्या वयाच्या घोड्याला तोवर एवढी किंमत आली नव्हती. आजोबांच्या नावावरून त्याचे नाव ‘सयाजीराव’ ठेवले. 1947 मध्ये त्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या शर्यती जिंकल्या. पुढच्याच वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ या घोड्याने ‘टू थाउजंड गिनीज’ ही शर्यत मारली.

प्रतिकृतीचे काम रेखाटनापासून सुरू होते. मूळ चित्राच्या छायाचित्रावर चौकटी आखतात, त्याच प्रमाणात कॅनव्हासवर आखतात आणि एकेका चौकटीतली रेघ उतरवतात. दुसरी रीत खाक्याची: कागदावरच्या रेषांवर सुईने भोके पाडून, कागद कॅनव्हासवर ठेवून त्यांतून कोळशाची पूड झटकायची. मग मातकट रंगात छायाप्रकाश बसवतात आणि तो वाळल्यावर पातळ पारदर्शक थर चढवतात. पावसाळ्यात जवसाच्या तेलातला रंग लवकर वाळत नाही; घाई केली की खालचा थर उचलला जातो.

खरी कसोटी घोड्याच्या कातडीची. कुमैत (तांबूस तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा) घोडा नुसता तपकिरी रंगवला की लाकडाचा दिसतो. खांद्यावर आकाशाचा निळसर उजेड पडतो, पोटाखाली गवताची हिरवट झाक येते, आणि कुंचला केसांच्या वळणानेच फिरावा लागतो. पोटाच्या पातळ कातडीखालची शीर एका फटकाऱ्यात आली तरच जिवंत वाटते; दोनदा गिरवली की दोरी होते. स्टब्जने मेलेले घोडे सोलून त्यांचे स्नायू अभ्यासले आणि 1766 मध्ये त्यावर आराखड्यांचे पुस्तक काढले. त्याची प्रत करणाऱ्याने ते आराखडे पाहिलेच पाहिजेत.

स्टब्जचे ‘व्हिसलजॅकेट’ या घोड्याचे चित्र (सु. 1762, नॅशनल गॅलरी, लंडन) सर्वांत अवघड. 292 × 246 सेंमी., म्हणजे साडेनऊ फुटांहून उंच. मागे ना झाड ना आकाश. फिकट पार्श्वभूमी, मागच्या टापांशी जराशी सावली, बस्स. दिवाणखान्यासाठी ते तीन फुटांचे केले की समोर उभे राहिल्यावरची छाती दडपणारी भव्यता जाते. रिकामी जागा उदास वाटून तिथे ढग भरणारेही असतात. तसे करू नये.

फ्रेंच चित्रकार तेओदोर झेरिकोचे शर्यतीचे चित्र ‘एप्समची डर्बी’ (1821; लूव्र, पॅरिस) वेगळाच पेच टाकते. त्यातले चारही घोडे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून चौखूर हवेत तरंगतात. जून 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग लावून धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही टापा जमिनीवरून सुटतात हे खरे ठरले. मात्र त्या वेळी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, ताणलेले नसतात. म्हणून पाय ‘दुरुस्त’ करायचे का? मुळीच नाही. त्या अशक्य झेपेतच 1821 मधल्या माणसाला दिसलेला वेग आहे, आणि मुळाबरहुकूम काम म्हणजे ती चूकही जपणे.

बाजारात कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेल फिरवलेले चित्रही ‘हाताने रंगवलेले’ म्हणून विकले जाते. भिंगातून पाहिले की छपाईचे ठिपके दिसतात, आणि कुंचल्याच्या उठावाचा खालच्या रंगाशी मेळ बसत नाही: उठाव आडवा, मानेचे केस उभे.

प्रतीच्या पाठीवर मूळ चित्रकार, चित्राचे नाव, वर्ष आणि प्रत करणाऱ्याचे नाव लिहावे. मूळ सही उतरवलीच, तर ही नोंद हवीच, नाहीतर उद्या ती प्रत अस्सल म्हणून खपवता येते. भारतात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. स्टब्ज, झेरिको किंवा फ्रेंच चित्रकार देगा यांची अडचण नाही. शर्यतींचा विसाव्या शतकातला मोठा चित्रकार आल्फ्रेड मनिंग्ज 1959 मध्ये वारला. त्यामुळे त्याची चित्रे भारतात 2020 पासून मोकळी आहेत; ब्रिटनमध्ये हक्क 70 वर्षांचा असल्याने तिथे 2029 संपेपर्यंत परवानगी लागते.