कुंडीतला पुदिना आणि औषधातला पुदिना: एका सरमिसळीची पार्श्वभूमी

पोटात कळ येत असेल तर पुदिना, नाक चोंदले तर पुदिना, डोके दुखले तरी पुदिनाच. हे सगळे गुण बागेतल्या पुदिन्याच्या नावावर जमा झाले आहेत खरे, पण त्यातले बरेचसे दुसऱ्याच झाडाचे आहेत. कुंडीत किंवा वाफ्यात सर्रास वाढतो तो बहुतेक वेळा स्पिअरमिंट, शास्त्रीय नाव मेन्था स्पिकाटा. त्याच्या तेलात मुख्य घटक कार्व्होन असतो आणि मेन्थॉल अगदी नाममात्र. बामच्या डबीत आणि पोटाच्या कॅप्सूलमध्ये काम करते ते मात्र मेन्थॉल, आणि ते येते पेपरमिंट किंवा जपानी पुदिन्यातून. पेपरमिंटच्या तेलात ते साधारण ३० ते ५५ टक्के असते, जपानी पुदिन्यात ७० टक्क्यांच्याही वर जाते.

आपल्या कुंडीत काय आहे ते पाने बघून कळते. स्पिअरमिंटचे पान खोडाला जवळपास चिकटूनच येते, पेपरमिंटच्या पानाला स्पष्ट देठ असतो आणि खोडावर बऱ्याचदा जांभळी झाक दिसते. तरी शंका राहिली तर एक पान चावून तोंडाने श्वास आत घ्यावा. थंडगार झणका लागला तर ते मेन्थॉल. नुसता गोडसर वास आला तर कार्व्होन.

जुन्या काळी हा भेद कुणी करत नव्हते आणि करणे सोपेही नव्हते. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने पुदिन्याचे औषधी उपयोग लिहून ठेवले, युरोपातला सम्राट शार्लमेनच्या काळात शाही मळ्यांत लावायच्या झाडांच्या यादीत पुदिन्याचे तीन-चार प्रकार होते, आणि नवव्या शतकात वालाफ्रिड स्ट्राबो या मठवासी कवीने बागेवरच्या काव्यात पुदिन्याचे सगळे प्रकार मोजणे माणसाच्या आवाक्यातले नाही असे म्हणून हात टेकले. त्याचे काही चुकले नव्हते. पुदिन्याच्या जातींचा आपसात सहज संकर होतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मेन्था या एका प्रजातीत हजारो नावे देऊन ठेवली आहेत, खऱ्या जाती मात्र वीस-पंचवीसच्या आसपास मानल्या जातात. त्यामुळे जुन्या ग्रंथातला ‘पुदिना’ नेमका कोणता हे छातीठोकपणे सांगणे कठीण आहे, आणि ‘हजारो वर्षांपासून पेपरमिंट वापरतात’ हे वाक्य दिसले की जरा सावध व्हावे.

पेपरमिंटची स्वतंत्र नोंद होते ती १६९६ मध्ये, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरच्या परिसरात सापडलेले झाड म्हणून. नोंद करणारे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे. पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा तो आपोआप झालेला संकर होता. मिऱ्यासारखी तिखट चव वैद्यांच्या लगेच नजरेत भरली आणि १७२१ मध्ये लंडनच्या औषधकोशात त्याला जागा मिळाली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून लंडनजवळच्या मिचम गावात त्याची व्यापारी शेती सुरू झाली. ‘मिचम’ हे नाव पेपरमिंटच्या वाणांना आजही चिकटलेले आहे.

या संकराचा एक गुण बागकाम करणाऱ्याने लक्षात ठेवावा: तो वांझ आहे. पेपरमिंटचे म्हणून विकत घेतलेले बी पेरले तर उगवेल तो दुसराच कुठला तरी पुदिना. पेपरमिंट हवा असेल तर फांदी किंवा जमिनीलगत पसरणारे खोडच लावावे लागते. १० ते १२ सेंटिमीटरची, कळी न धरलेली फांदी पेराच्या खाली कापावी, खालची पाने काढावीत आणि दोन पेरे पाण्यात राहतील अशी ठेवावी. पाणी एक दिवसाआड बदलले तर आठ-दहा दिवसांत मुळ्या दिसतात. पाण्यात पाने बुडाली तर ती सडतात आणि फांदीही जाते. लावताना कुंडी निदान २० सेंटिमीटर खोल असावी. मोकळ्या वाफ्यात पुदिना शेजारच्या झाडांना जगू देत नाही.

फांदीवरूनच लागवड म्हणजे सगळी झाडे एकाच झाडाच्या नकला, आणि रोग एकाला मारतो तर सगळ्यांना मारतो. अमेरिकेत मिशिगनमध्ये विसाव्या शतकात व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीने मळेच्या मळे सुकवले. वांझ झाडाचा संकर करून नवे वाण काढता येत नव्हते, म्हणून खोडांवर किरणोत्सर्गाचा मारा करून उपयोगी बदल शोधण्यात आले. टॉड्स मिचम हा रोगाला तोंड देणारा वाण त्यातूनच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर आला. घरच्या कुंडीत ही बुरशी क्वचित येते. तिथे त्रास देतो तो तांबेरा: पानामागे नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या. दिसताच झाड जमिनीलगत कापावे, कापलेले खतात टाकू नये, आणि पुढे पाणी पानांवर न घालता मातीत घालावे.

युरोपात मेन्थॉल वेगळे काढले गेले ते १७७१ मध्ये, गाउबियस या वैद्यांच्या हातून. पेपरमिंटपेक्षा जपानी पुदिन्यातून ते कितीतरी जास्त मिळते, म्हणून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मेन्थॉलच्या बाजारावर जपानच्या होक्काइदो बेटावरच्या कितामीचे राज्य होते. युद्धात तो पुरवठा तुटला, ब्राझील पुढे आला, आणि १९५० च्या दशकात जपानी पुदिना भारतात आणून जम्मूत लावला गेला. पुढे उत्तर प्रदेशात, विशेषतः बाराबंकीकडे, तो ‘मेंथा’ म्हणून इतका फोफावला की आज जगातल्या नैसर्गिक मेन्थॉलचा मोठा वाटा भारतातून जातो. म्हणजे गेल्या शतकात जगभर ‘पुदिना’ म्हणून ज्याचा वास ओळखीचा झाला, तो कुंडीतला नव्हताच.

मेन्थॉल थंड कसे लागते याचा उलगडा २००२ मध्ये झाला. चेताटोकांवर टीआरपीएम-८ नावाची प्रथिने असतात. तापमान साधारण २६ अंशांच्या खाली गेले की ती उघडतात आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. मेन्थॉल त्यांना नेहमीच्या तापमानालाच उघडते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांच्याही गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. २०२१ चे नोबेल त्यांना ज्या संशोधनासाठी मिळाले त्यात हा भागही होता. अर्थ सरळ आहे: त्वचा गार होत नाही, गार वाटते. नाकाचेही तेच. मेन्थॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण हवेचा अडथळा मोजला तर तो तेवढाच असतो.

पोटाच्या बाबतीत मात्र पुरावा बरा आहे. मेन्थॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम जाण्याला अटकाव करते, त्यामुळे पेटके सैल पडतात. १९७९ मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी जठरात न विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलची चाचणी प्रसिद्ध केली आणि तिथून इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवर (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्यांचा चिवट विकार) हा उपाय रुजला. २०२० च्या एका डच चाचणीत मुख्य निकषावर औषध आणि दिखाऊ गोळी यांत ठोस फरक दिसला नाही, तरी २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत पेपरमिंटची सौम्य शिफारस आहे. प्रौढांसाठी नेहमीचे प्रमाण ०.२ ते ०.४ मिलिलिटर तेलाची कॅप्सूल, दिवसातून तीनदा, जेवणापूर्वी अर्धा तास. ती चावायची नाही आणि आम्लनाशक गोळीसोबत घ्यायची नाही, कारण आवरण जठरातच फुटते आणि अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल पडून छातीत जळजळ सुरू होते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना पुदिना बाधतो तो यामुळेच.

स्पिअरमिंटच्या स्वतःच्या नावावर थोडेसेच जमा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अंगावर जादा केस येणाऱ्या ४२ स्त्रियांपैकी काहींनी महिनाभर दिवसातून दोनदा त्याचा चहा घेतला. रक्तातले टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटले, पण हे केस मोजमापात कमी झाले नाहीत. त्यावरून जाहिराती मात्र भरपूर झाल्या.

घरी चहा करायचा तर १.५ ते ३ ग्रॅम वाळलेली पेपरमिंटची पाने, १५० मिलिलिटर उकळते पाणी, आणि झाकण ठेवून पाच ते दहा मिनिटे. झाकण महत्त्वाचे, कारण पानाच्या पाठीवर भिंगातून चमकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींतले तेल वाफेबरोबर उडून जाते. पाने पाण्यात उकळत ठेवली तर हिरवट कडूपणा तेवढा उरतो. वाळवायची असतील तर कळी धरण्याआधी कापून सावलीत वाळवावीत आणि पान बोटांत कुरकुरीत मोडले की हवाबंद भरावीत. अर्धवट वाळलेल्या पानांना बरणीत बुरशी लागते.

दोन गोष्टींना हात लावू नये. पेनिरॉयल या पुदिन्याच्या जातीचे तेल यकृत निकामी करते. १९७८ मध्ये कोलोराडोत औंसभर तेल पोटात गेल्याने एकीचा मृत्यू झाला होता. आणि मेन्थॉलचे थेंब किंवा बाम दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाजवळ, चेहऱ्यावर लावू नये: स्वरयंत्र आकसून श्वास अडकू शकतो.