अर्ध्या तासाचे पेनिसिलीन, तीन आठवड्यांचे इंजेक्शन

फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलीन सुरू झाले. त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध अंगात टिकेना. मूत्रपिंडे ते भराभर बाहेर टाकत होती. मग त्याची लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलीन काढायचे आणि त्यालाच पुन्हा टोचायचे, असा क्रम चालला. तरी साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला.

रक्तातले औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो, ते त्याचे अर्धायुष्य. पेनिसिलीनचे जेमतेम अर्धा तास. म्हणून दर तीन-चार तासांनी सुई. त्यावर पहिले उपाय औषध न बदलताच निघाले. अमेरिकी लष्करी डॉक्टर रोमान्स्की यांनी ते मेण आणि शेंगदाण्याच्या तेलात कालवले. पुढे मूत्रपिंडाची वाट अडवणारे प्रोबेनेसिड आले. आणि १९५०च्या दशकारंभी बेन्झाथिन पेनिसिलीन. ते स्नायूत साठून राहते, थेंबाथेंबाने रक्तात उतरते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ लागलेल्या मुलांना आपल्याकडे आजही दर तीन आठवड्यांनी तेच देतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांमध्ये मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, कारण यातला एक डोस चुकला तरी ताप उलटू शकतो.

नंतर रेणूच बदलले. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहते; अर्धायुष्य सुमारे आठ तास, म्हणून बहुतेकदा दिवसातून एकच इंजेक्शन. आजच्या क्रोएशियातल्या झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९८०मध्ये एरिथ्रोमायसिन या जुन्या प्रतिजैविकाच्या रेणूतल्या अणूंच्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू घातला आणि अझिथ्रोमायसिन तयार झाले. मूळ औषधाचे अर्धायुष्य दोनएक तास, याचे जवळपास तीन दिवस! मात्र ते रक्तात थोडेच सापडते, मुक्काम पेशींमध्ये.

त्यामुळे नुसते तास मोजून औषधांची तुलना करू नये. पेनिसिलीनची मात्रा ठरावीक पातळीच्या वर किती वेळ राहते, यावर त्याचा परिणाम ठरतो. जेंटामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचे उलट. त्याचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचेच, पण मारा जोरदार झाला की औषध ओसरल्यावरही जंतू काही काळ वाढत नाहीत. म्हणून ते अनेकदा दिवसातून एकदाच देतात. आणि अझिथ्रोमायसिनची क्षीण मात्रा गोळ्या संपल्यावरही बरेच दिवस अंगात रेंगाळते. तेवढ्याने न मरणाऱ्या जंतूंना औषधाला सरावण्याची तीच संधी मिळते.