बिडाचा तवा आणि ट्रकचं हेड

घावन आणि आंबोळ्या होणाऱ्या घरांत एक ताकीद लहानपणीच मिळते: बिडाचा तवा चुलीवरून उतरवला की त्यावर लगेच गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो. घाटमाथ्यावर मात्र नेमकं हेच केलं जातं. मालाने भरलेला जुना ट्रक कसारा किंवा खंबाटकी चढून येतो, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला असतो, आणि ड्रायव्हर रेडिएटरमध्ये कॅनभर गार पाणी रिकामं करतो. त्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, हेही बिडाचंच असतं.

टाटाचं जुनं 697 इंजिन घ्या. 6 सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर, म्हणून 697. टाटा आणि डायमलर-बेन्झ यांचं सहकार्य 1954 ते 1969 असं चाललं, आणि या इंजिनाचं मूळ मर्सिडीजच्या ओएम 352 मध्ये आहे. क्षमता 5,675 घनसेंटिमीटर. सहाही सिलिंडरांवर मिळून एकच लांबलचक हेड. त्यातच हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, डिझेल फवारणारी नोझल आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाटा.

डिझेल पेटवायला ठिणगी लागत नाही. सतरा-अठरापट दाबलेली हवा इतकी तापते, की नोझलमधून आलेलं डिझेल आपोआप पेटतं. तेव्हा सिलिंडरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला 75 किलोच्या आसपास जातो. 97 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 74 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर हेडला वर ढकलणारा जोर निघतो साडेपाच टन. इंजिन मिनिटाला 2,400 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला 20 वेळा घडतं.

तरीही हेड फुटतं ते बहुतेक वेळा या जोराने नाही. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बिडाची एक अरुंद पट्टी असते. इंजिन ओढीला लागलं की ही पट्टी सर्वांत जास्त तापते आणि फुगू पाहते, पण भोवतालचं त्यामानाने थंड बीड तिला जागा देत नाही. कोंडलेली पट्टी आतल्या आत दबते आणि किंचित आखूड होते. मग इंजिन गार होतं. आता त्या आखूड पट्टीला दोन्ही बाजूंनी ओढ बसते. बीड दाब छान सोसतं, ताण मात्र त्याला झेपत नाही. नुकसान तापताना होतं आणि चीर उघडते गार होताना, मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. प्रत्येक घाटाला ही चीर थोडी थोडी वाढते. गार पाण्याचा एक कॅन हे काम क्षणात उरकतो. काटा चढला तर ट्रक उभा करून इंजिन बिनओझ्याचं चालू ठेवावं, पंख्याने तापमान हळूहळू उतरू द्यावं. रेडिएटरचं झाकण तेव्हा उघडूच नये. आतलं पाणी दाबाखाली 100 अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सुटताच ते उसळून अंगावर येतं.

बोअरच्या जड पाण्याचा त्रास वेगळा. त्यातले क्षार पाण्याच्या वाटांमध्ये थर धरतात. हा थर बिडाच्या तुलनेत वीसेक पट कमी उष्णता वाहून नेतो. एक मिलिमीटर थर म्हणजे मध्ये दोन सेंटिमीटर जास्तीचं बीड उभं केल्यासारखं. म्हणून नवं हेड टाकताना रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट तपासले नाहीत, तर तोच खर्च पुन्हा दारात येतो.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येणं, तेल दुधाळ होणं, पांढरा धूर ही लक्षणं बिघडलेल्या गॅस्केटची, म्हणजे हेड आणि त्याखालचा सिलिंडरांचा ठोकळा (ब्लॉक) यांच्यामधल्या पातळ थराची, असू शकतात आणि फुटलेल्या हेडचीही. हेड उतरवून सपाट पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून वाक पाहतात. केसाच्या जाडीएवढा वाकही पुष्कळ झाला. चीर शोधायला लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारतात. चिरेत मुरलेला रंग लाल रेघ होऊन वर येतो. वाकलेलं हेड घासून सरळ करता येतं, पण किती घासायचं याला मर्यादा असते, कारण नोझलचं टोक आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येऊ लागतात. व्हॉल्व्हमधली पट्टी खोलवर फुटली असेल तर मी नव्या हेडच्याच बाजूने आहे. जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याच्या धुळीने कर्करोग होतो. ओलं करूनच काढावं.

गॅस्केटची ही कटकटच नको, म्हणून ब्रिटनच्या लेलँड कंपनीने 1960च्या दशकाच्या अखेरीस 500 मालिकेचं इंजिन काढलं. त्यात हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात होते. गॅस्केट गेलं खरं, पण व्हॉल्व्हचं काम निघालं की क्रँकशाफ्ट आणि पिस्टन खालून बाहेर काढावे लागत. हा मार्ग चालला नाही.

हेड बसवताना खरी कसोटी लागते ती बोल्टांची. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा ताणलेला असतो, आणि तो ताणच हेडला खाली धरून ठेवतो. पाना फिरवताना लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणात जातो, बाकीचा घर्षण खातं. आटे गंजलेले असतील तर आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट तरीही सैलच राहतो. म्हणून आटे साफ करून तेलाचं बोट लावायचं, पण बोल्टच्या भोकात तेल किंवा पाणी साठू द्यायचं नाही. बोल्ट खाली उतरताना कोंडलेलं द्रव दबत नाही, त्याने ब्लॉकच फुटू शकतो. आवळायची सुरुवात मधल्या बोल्टांपासून, मग दोन्ही टोकांकडे, तीही दोन-तीन टप्प्यांत. टोकं आधी आवळली तर मधला फुगवटा तिथेच अडकून राहतो.

मग इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं. इंजिन एकदा पूर्ण तापून गार झालं की जुन्या पद्धतीचं गॅस्केट थोडं दबतं आणि बोल्टांचा ताण कमी होतो. त्याच क्रमाने ते पुन्हा आवळावे लागतात. टॅपेट त्यानंतर शेवटचे लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट नेमायची, कारण हेड केसभर जरी खाली बसलं तरी रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली ही फट बदलते.