सक्तीचे प्राथमिक शिक्षण : बडोदे संस्थान

ठरावीक वयाच्या प्रत्येक मुलामुलीला शाळेत पाठवणे पालकांवर कायद्याने बंधनकारक करून त्या शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून भागवण्याची बडोदे संस्थानातील व्यवस्था. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत 1893 मध्ये अमरेली तालुक्यात ती प्रयोगादाखल सुरू झाली आणि 1906 मध्ये कायद्याने सर्व संस्थानाला लागू करण्यात आली. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी असा कायदा कोठेही नव्हता.

सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केल्यानंतर, 1875 मध्ये, त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी गोपाळराव नावाच्या या मुलाला दत्तक घेतले. वयाची बारा वर्षे पुरी झालेल्या मुलाचे नियमित शिक्षण खऱ्या अर्थाने राजवाड्यात आल्यावरच सुरू झाले. इंग्रज शिक्षक इलियट यांच्या देखरेखीखाली सहा वर्षांत त्यांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा शिकवण्यात आल्या, तर कारभाराचे धडे दिवाण सर टी. माधवराव यांनी दिले. 28 डिसेंबर 1881 रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. इतक्या उशिरा अक्षरओळख झालेल्या राज्यकर्त्याला शाळेचे मोल वेगळ्या रीतीने उमगले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. मात्र या धोरणाचे सगळे श्रेय त्या एका गोष्टीला देणे बरोबर होणार नाही. परदेशांतील शाळा, ग्रंथालये आणि कारखाने प्रत्यक्ष पाहून तेथील व्यवस्था आपल्याकडे कशी रुजेल याचा विचार ते सातत्याने करीत असत. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांतील हजेरी 1880 मध्ये सक्तीची झाली आणि 1891 मध्ये तेथील शिक्षण मोफत झाले. अमरेलीचा प्रयोग त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत सुरू झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील धाडसाची कल्पना येते.

अमरेली हा राजधानीपासून दूर, काठेवाडात पडलेला मुलूख होता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे संस्थानाचे प्रांत सलग नव्हते; त्यांच्यामध्ये ब्रिटिश हद्द आणि इतर संस्थानांची गावे शिरलेली होती. अशा प्रदेशात सक्ती राबवणे अवघड असते, कारण शेजारच्याच गावी सक्ती नसली की पालकांना ती अन्यायाची वाटते. तरीही एका तालुक्यापुरती योजना आखून, शाळा उघडून, शिक्षक पुरवून आणि अडचणींचा अनुभव घेऊन तेरा वर्षांनी ती सर्वत्र नेण्यात आली. घाईने काढलेले फर्मान आणि या पद्धतीने आलेला कायदा यांत हा मोठा फरक आहे. अलीकडे ज्याला प्रायोगिक प्रकल्प म्हणतात, त्याचा हा जुना आणि प्रामाणिक नमुना म्हणावा लागेल.

1906 च्या कायद्यानुसार मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळेत जाणे सक्तीचे होते आणि त्यासाठी फी आकारली जात नसे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंड होई. मुलींची वयोमर्यादा दोन वर्षांनी कमी ठेवण्यामागे त्या काळातील विवाहाचे वय होते, हे उघड आहे. 1904 मध्ये संस्थानाने बालविवाह प्रतिबंधाचा कायदा करून मुलीच्या विवाहाचे किमान वय बारा ठरवले होते. दोन्ही कायदे शेजारी ठेवून पाहिले तर सरकार समाजाशी किती अंतरावरून आणि किती सावधपणे झुंजत होते ते दिसते. शेतकऱ्याच्या घरी सात वर्षांचे मूल गुरे राखते आणि मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते; त्यामुळे शाळा फुकट असली तरी घराला ती फुकट पडत नाही. दंडाविषयी रयतेत जी नाराजी होती तिचे मूळ येथे होते.

शिक्षणाचे माध्यम हा बडोद्यात नाजूक विषय होता. राज्यकर्ते आणि दरबारातील अनेक घराणी मराठी, तर बहुसंख्य रयत गुजराती. प्राथमिक शिक्षण मुख्यतः गुजरातीतून देण्यात आले आणि शहरातील मराठी कुटुंबांसाठी मराठी शाळा चालवण्यात आल्या. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी वस्तीने आपली भाषा घरात, शाळेत आणि सभागृहांत जपली. 1909, 1921 आणि 1934 या वर्षी मराठी साहित्य संमेलने बडोद्यात भरली, त्यामागे हा पाया होता. कारभाराच्या परिभाषेसाठी संस्थानाने 1931 मध्ये ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा अनेक भाषांतील शब्दकोश प्रसिद्ध केला. रयतेला शिकवायचे असेल तर सरकारनेही रयतेच्या भाषेत लिहायला शिकले पाहिजे, हा विचार त्यामागे दिसतो.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी संस्थानाने 1880 च्या दशकाच्या आरंभापासून स्वतंत्र शाळा उघडल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवण्यास तयार होत नसल्याने बराच काळ मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना या कामासाठी बोलावण्यात आले. शाळा बांधणे तिजोरीच्या हातात असते, पण शिक्षकाच्या मनातील अढी काढणे तिच्या हातात नसते, याचा हा पुरावा आहे. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार होता. करारानुसार ते 1917 मध्ये बडोद्यात आले, तेव्हा सरकारी कचेरीत त्यांना अवहेलना सोसावी लागली आणि राहायला जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला होता तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून काढला. ज्या शहराच्या सरकारने त्यांना शिकवले, त्याच शहरात त्यांना छप्पर मिळू शकले नाही.

शाळा सोडल्यानंतर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत विसरली जातात, ही सक्तीच्या शिक्षणाची मोठी गळती होती. तिच्यावरचा उपाय म्हणून 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची योजना उभारण्यात आली. बडोदे शहरात मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावी वाचनालये निघाली, तर पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचवणारी फिरती ग्रंथालयेही चालवण्यात आली. महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास देण्यात आला. शाळा आणि ग्रंथालय यांचा एकाच धोरणात विचार करण्याची ही दृष्टी, या नोंदकाराच्या मते, खुद्द सक्तीच्या कायद्यापेक्षाही दुर्मिळ होती. उच्च शिक्षणासाठी 1881 मध्ये सुरू झालेले बडोदे कॉलेज आणि कारागिरी व तंत्रशिक्षणासाठी 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेले कलाभवन या संस्था होत्याच. त्यांचा वारसा 1949 मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आला.

या प्रयोगाचा परिणाम संस्थानाबाहेर लवकर दिसू लागला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. त्यांची मागणी बडोद्यापेक्षा माफक होती, तरी मार्च 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने 1918 मध्ये आलेला कायदा नगरपालिकांच्या हद्दीपुरता होता.

भारताच्या संविधानातील अनुच्छेद 45 ने चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची तरतूद दहा वर्षांत करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले होते. ते उद्दिष्ट मुदतीत साधले नाही. 2002 मधील 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि 2009 चा बालहक्क शिक्षण कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. बडोद्याचा कायदा आणि हा कायदा यांत ‘सक्ती’ या शब्दाचा रोख बदलला आहे. बडोद्यात ती पालकावर होती आणि दंडाने वसूल होई. आजच्या कायद्यात सक्ती म्हणजे सरकारचे बंधन, अशी स्पष्ट व्याख्या आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले असले, तरी ते चुकल्यास त्याला दंड नाही.