पीक व पशुधन यांच्या जनुकीय विविधतेच्या संवर्धनाचे अर्थशास्त्र

पिकांचे स्थानिक वाण आणि पाळीव जनावरांच्या देशी जाती टिकवण्याचा खर्च कोणी सोसायचा, त्याचा लाभ कोणाला होतो आणि अपुऱ्या निधीत आधी काय वाचवायचे, यांचा विचार करणारी कृषी अर्थशास्त्राची शाखा. गावरान वाण पेरणारा शेतकरी संकरित वाणाच्या जादा उत्पन्नावर पाणी सोडतो. ही तूट त्याची एकट्याची आणि त्याच हंगामातली असते. लाभ मात्र पुढच्या पिढ्यांचा, दूरच्या शेतकऱ्यांचा आणि पैदासकारांचा असतो. बाजारभावात तो उतरत नसल्यामुळे प्रत्येकाने आपल्यापुरता योग्य निर्णय घेतला तरी वाण नाहीसे होत जातात.

या विविधतेचे मोल संकटात कळते. 1970 मध्ये अमेरिकेतील बहुतेक मका एकाच प्रकारच्या नर-वंध्य पेशीद्रव्यावर (ज्यामुळे झाडात परागकण तयार होत नाहीत आणि संकरित बियाणे बनवणे सोपे जाते) आधारलेला असल्याने करप्याने देशाचे सुमारे 15 टक्के पीक बुडवले. याच सुमारास आशियातील भाताला ग्रासी स्टंट विषाणूने ग्रासले असताना आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 6,000 हून अधिक नमुने तपासले. उपयुक्त प्रतिकारशक्ती आढळली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानभाताच्या एका नमुन्यात. तो नमुना उपयोगी पडेल हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून बाकीचे हजारो नमुने सांभाळण्याचा खर्च वाया गेला असे मानता येत नाही. भविष्यातील निवड खुली ठेवण्याच्या या किमतीला पर्याय मूल्य म्हणतात.

सगळेच वाचवणे शक्य नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी 1998 मध्ये अग्रक्रमाचे एक सूत्र मांडले. जातीचे वेगळेपण, तिची उपयुक्तता आणि खर्चामुळे तिच्या टिकण्याच्या शक्यतेत पडणारी भर यांची खर्चाशी तुलना त्यात केली जाते. म्हणजे सर्वाधिक धोक्यातली जात पहिली असेलच असे नाही.

पशुधनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. बियाणे जनुकपेढीत शीतगृहात तुलनेने स्वस्तात राहते, पण जनावराला रोज चारा लागतो. गोठवलेल्या रेतमात्रांनी जनुके टिकतात, कळप आणि तो राखणाऱ्याचे ज्ञान टिकत नाही. ट्रॅक्टर आल्यावर ओढकामाच्या बैलांची मागणी घटली. खिलार जातीला शर्यतींचा आधार उरला होता. 2014 च्या न्यायालयीन बंदीने तोही सुटला आणि 2021 च्या अखेरीस परवानगी मिळाल्यावर परत आला. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात तगणाऱ्या डांगी गुरांना असा ठळक बाजार नाही, म्हणून त्यांच्या पालकांना थेट मोबदला देण्याची निकड मोठी आहे.

मोबदल्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. युरोपीय संघ दुर्मीळ जाती पाळणाऱ्यांना अनुदान देतो. पेरू व बोलिव्हियात किन्वा या धान्यासारख्या पिकाचे जुने वाण पेरण्यासाठी किती मोबदला लागेल, हे शेतकरी गटांनाच विचारून कमी बोली स्वीकारण्याचे प्रयोग झाले. भारताच्या 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने राष्ट्रीय जनुक निधी व वाणसंवर्धक समुदायांसाठी पुरस्कार आणले. मात्र पुरस्कार मोजक्यांनाच मिळतो आणि बीज राखण्याचे काम दरवर्षीचे असते. आजरा घनसाळसारख्या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकनाने ग्राहक मिळू शकतो, परंतु रोग किंवा दुष्काळ सोसणारे जाडेभरडे वाण या मार्गाने वाचत नाहीत. त्यांच्यासाठी सार्वजनिक निधीच लागतो.