एक किलो डाळ आणि लसीच्या पाच फेऱ्या

सरकारी दवाखान्यात लहान पोरांच्या लसी फुकट मिळतात, कुणी रुपया मागत नाही, आणि तरी आपल्या देशात दरवर्षी लाखो पोरं पेंटाचा (पाच आजारांवरची एकत्र लस) एकही डोस न घेता वर्षाची होतात. का, असं विचारलं की शहरातला माणूस लगेच सांगतो, अडाणीपणा हो, अंधश्रद्धा, दुसरं काय. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही, आणि न पटायला एक भक्कम कारण राजस्थानात सापडतं.

उदयपूर जिल्हा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (हो, तेच 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) आणि त्यांचे सहकारी, यांनी तिथल्या सेवा मंदिर या संस्थेला सोबत घेऊन 134 गावांत एक प्रयोग केला, तो 2010 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्याच्या आधी याच जिल्ह्यात एक पाहणी झाली होती, त्यात दिसलं की उपकेंद्र, म्हणजे गावपातळीवरचा छोटा सरकारी दवाखाना, उघडं असायला पाहिजे अशा वेळेत निम्म्याहून जास्त वेळा त्याला कुलूपच असतं. म्हणजे बाई मजुरी बुडवून पोर कडेवर घेऊन उन्हातून चालत जाणार, दाराला कुलूप बघणार आणि परत येणार. पुढच्या खेपेला ती जाईल का? मी तरी गेलो नसतो.

मग प्रयोगात गावांचे तीन गट पाडले, कुठलं गाव कुठल्या गटात हे नशिबावर सोडलं. पहिल्या गटात जे चाललंय तेच चालू. दुसऱ्या गटात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गावातच कॅम्प, आणि नर्स खरंच आली का हे बघायला तारीख-वेळ पडणारे फोटो. तिसऱ्या गटात हाच कॅम्प, वर दर डोसला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की स्टीलच्या ताटांचा सेट. निकाल असा: पहिल्या गटात पूर्ण लसीकरण झालेली पोरं 6 टक्के, दुसऱ्यात 18, तिसऱ्यात 39.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. पहिला डोस घ्यायला कॅम्पवाल्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच पोरं आली होती, साधारण चारातली तीन. म्हणजे लसीला विरोध असा काही नव्हताच, कॅम्प दारात आला की लोक येत होते, गळती लागत होती ती नंतर, तिसऱ्या-चौथ्या फेरीला, जेव्हा पोर धडधाकट खेळतंय आणि आज शेतावर गेलं नाही तर दिवसाची मजुरी जाते. डाळीने कुणाचं मतपरिवर्तन केलं नाही, तिने फक्त "पुढच्या महिन्यात बघू" हे मोडलं. आणि खर्च? डाळ देऊनही एका पोराच्या पूर्ण लसीकरणाचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, कारण नर्सचा दिवसाचा पगार तेवढाच आणि कॅम्पला पोरं जास्त. याला लाच म्हणणारे भेटतात, म्हणोत बापडे. पण 39 म्हणजे सुद्धा शंभरातली एकसष्ट पोरं राहिलीच, हे डाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

आता प्रश्न असा की इतक्या फेऱ्या मुळात हव्यातच कशाला, एकदाच काय ते टोचून टाका ना. तर जन्मल्यावर बीसीजी (क्षयाची लस), पोलिओ आणि हिपॅटायटिस बी (काविळीची), मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला पेंटा, पोलिओ, रोटा (जुलाबाची) वगैरे, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. बाळंतपण दवाखान्यात झालं तर जन्माचा डोस तिथेच होतो, तरी पहिल्या वर्षात पाच वेळा सुई आणि दीड वर्षाच्या सुमारास सहावी. पेंटाचं असं आहे की मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या लसीला शरीर पहिल्या झटक्यात फार दाद देत नाही, एक-एक महिन्याने पुन्हा दाखवलं की मग प्रतिकारशक्ती नीट तयार होते. गोवराचं उलटं आहे. ती जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस, ती लवकर दिली तर आईकडून पोटात असताना मिळालेल्या अँटिबॉडीज तिलाच मारून टाकतात, म्हणून नऊ महिने थांबायचं. तेव्हाही शंभरातल्या साधारण 85 पोरांनाच ती नीट लागू पडते, म्हणून दुसरा डोस. आणि गोवर हा भयंकर पसरणारा आजार, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक आजारी पोर बारा ते अठरा जणांना देऊ शकतं, त्याला रोखायचं तर 95 टक्के पोरांचे दोन्ही डोस झालेले लागतात. वर त्यातून बरं झालेल्या पोराच्या शरीराची आधीच्या बऱ्याच आजारांची ओळख पुसली जाते, मग नंतर न्यूमोनिया, जुलाब मागे लागतात.

आता या फेऱ्यांमध्ये एक बारीक भानगड आहे जी बाहेरच्यांना दिसत नाही. गोवर-रुबेला आणि बीसीजीची पावडर तिच्यासोबतच्या द्रवात कालवली की ती चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकायची. एका बाटलीत पाच किंवा दहा डोस. पेंटाची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर 28 दिवस चालते, हिची नाही. लसीकरणाच्या सत्राला एकच पोर आलं तर नर्सबाईच्या मनात येतं की बाकीचं वाया जाणार, त्याचा हिशोब कोण देणार. वरून सूचना आहे की एका पोरासाठीही बाटली फोडा, पण माणूस कागदाला घाबरतो, मग "ताई, पुढच्या वेळी या" होतं. एक डोस वाया जाण्यापेक्षा एक पोर वाया जाणं महाग आहे, पण रजिस्टरमध्ये रकाना डोसचाच असतो ना.

आता आपल्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1998-99 ला महाराष्ट्रात 12 ते 23 महिन्यांच्या पोरांत पूर्ण लसीकरण 78 टक्के होतं. 2005-06 ला ते 59 झालं, 2015-16 ला 56. बाकी देश वर चढत होता आणि आपण घसरत होतो! 2019-21 ला 73.5 वर आलो, देशाची सरासरी तेव्हा 76.4 आणि ओडिशा 90 च्या पुढे. पुण्यात जगातली सगळ्यात जास्त लस बनवणारी कंपनी, मुंबईत लसी बनवणारी सरकारी हाफकिन, आणि आकडा हा.

याचं एकच कारण नाही, पण एक मला कायम खटकतं. बीड भागातली लाखो माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पोरंबाळं सोबत, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हिशोब करून बघा. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या पोराचा दीड महिन्याचा डोस गावात होतो, अडीच आणि साडेतीनचा फडावर येतो. मे मध्ये जन्मलेल्याचे पेंटाचे तिन्ही गावात होतात पण गोवराचा फेब्रुवारीत, ऐन गाळपात. गावच्या आशाताईच्या यादीत नाव आहे पण पोर नाही, कारखान्याच्या गावात पोर आहे पण यादीत नाव नाही. आई पहाटे अंधारात तोडीला निघते, आणि सत्र भरतं दिवसा. इथे कुलूप कुठल्याच दाराला नाही, तरी परिणाम उदयपूरसारखाच.

आणि हे फक्त दूरच्या फडावरचं दुखणं आहे असंही नाही. 2022 मध्ये गोवराचा उद्रेक कुठे झाला, तर मुंबईत, गोवंडीच्या दाट वस्तीत, जिथून मोठी हॉस्पिटलं फार लांब नाहीत. कोविडच्या दोन वर्षांत राहिलेले डोस साचले होते. नंतर तिथे 9 महिने ते 5 वर्षांच्या पोरांना जादा डोस द्यावे लागले. देशाचा आकडाही तेव्हा असाच हलला, पेंटाचा एकही डोस न मिळालेली पोरं 2021 मध्ये 27 लाखांच्या आसपास, 2022 ला 11 लाख, 2023 ला पुन्हा 16, आणि 2024 ला 9 लाखांपर्यंत खाली.

आता यू-विन नावाची ऑनलाइन नोंदणी आलीय, त्यात पोराची नोंद देशात कुठेही दिसावी अशी सोय आहे, म्हणजे बीडचं पोर कोल्हापुरात डोस घेऊ शकतं. कल्पना चांगली आहे, पण फडावर नर्सबाई पोचली आणि तिथे नेटवर्क असलं तरच, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या ओळखीत कुणाचं पोर मध्येच राहिलं असेल तर त्यांना हे जरूर सांगा, कारण बऱ्याच आया या भीतीने जातच नाहीत की आता ओरडतील किंवा सगळं पहिल्यापासून करावं लागेल. पहिल्यापासून काही करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत मिळते, बीसीजी वर्षाच्या आत. कार्ड हरवलं असेल तरी जा, साधी सर्दी असली तरी जा.